बांधणावळ

माझ्या नवऱ्याला ऐकू येईनासं झालं, तेव्हा आमच्या घरात सगळ्यात आधी बंद पडलं ते भांडण.

आमचं बाइंडिंगचं दुकान आहे. ह्यांनी तीस वर्षं कटिंग मशीनच्या शेजारी उभं राहून काढली आणि मशीननं हळूहळू ह्यांचे दोन्ही कान खाल्ले. मी मागच्या बाजूला बसून फर्मे, म्हणजे पुस्तकाच्या छापील पानांच्या घड्या, शिवते, म्हणून माझे कान शाबूत. पूर्वी मी मागून काही बोलले की हे पुढून उलट बोलायचे, आणि दिवस कुठे गेला ते कळायचं नाही. आता मी बोलले की हे नुसतं हसतात. हसणाऱ्या माणसाशी काय डोंबल भांडणार? दुकानात कापलेल्या कागदाच्या पट्ट्यांचा ढीग पडलेला असतो, त्यांवर लिहून मी ह्यांना दाखवते. ‘चिकटवायची खळ संपली’ हे पट्टीवर मावतं. ‘तुमच्या बहिणीनं त्या दिवशी चारचौघांत मला ऐकवलं आणि तुम्ही मख्खासारखे बसून राहिलात’ हे मावत नाही. मला हे सोसवत नव्हतं, खरंच सांगते. माणूस समोर असून घर रिकामं वाटायचं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कानात यंत्र बसवलं तर ऐकू येईल. यंत्र आमच्या आवाक्यातलं नव्हतं, पण सरकार फुकट देतं. त्यासाठी अपंगत्वाचा सरकारी दाखला काढायचा आणि यादीत नाव घालायचं. यादी महिनाअखेरीला बंद होते, पुढची थेट वर्षानं. ‘वर्षभर थांबू नका,’ असंही त्या म्हणाल्या. ‘कान फार दिवस रिकामे राहिले की शब्द ओळखायचे विसरतात.’ हे काही मी पट्टीवर लिहून दाखवलं नाही.

तर अशी मी सरकारी कचेरीतल्या खोली नंबर सातमध्ये पोचले. लांबट खोली, एका भिंतीला बाक, समोर एक रुंद टेबल, टेबलामागे साहेब. कोणाला डोळ्यांचा दाखला हवा, कोणाला पायाचा, कोणाला कानाचा. साहेब म्हणजे अगदी सज्जन दिसणारा माणूस. आवाज चढवत नाही, ‘बसा ना’ म्हणतो, म्हाताऱ्यांना पंख्याखाली जागा देतो. रोज अकराच्या सुमाराला शिपाईकाका छातीशी फायलींचा गठ्ठा धरून येतात, बाकाशेजारच्या मेजावर आपटतात आणि चहाला जातात. साडेअकराला साहेब येतात. मग गठ्ठा त्यांच्यासमोर जातो आणि दाखले द्यायचं काम सुरू होतं.

पहिल्या खेपेला माझी फाईल झाली नाही. ‘पुढच्या आठवड्यात बघू,’ साहेब गोड हसून म्हणाले. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला मी चिडले. आणि मी चिडले की मला दिसायला लागतं.

बाकावर माझ्या शेजारी एक निवृत्त बसड्रायव्हर असायचे. पायाच्या दाखल्यासाठी आठ महिने येत होते. त्यांना मी विचारलं, ‘हे साहेब फायली निवडतात कशा हो? वरून नाही, खालून नाही, तारखेनं नाही, नावानंही नाही. मग कशा?’

‘नशीब असतं एकेकाचं,’ ड्रायव्हरकाका म्हणाले.

‘नशिबाला हात असतात का? मी हात बघतेय त्यांचे.’

आणि खरंच, चौथ्या खेपेला मी दुसरं काहीच केलं नाही, फक्त साहेबांचे हात बघितले. प्रत्येक फाईल पांढऱ्या फितीनं बांधलेली. साहेब फाईल ओढून घेतात, फितीचं टोक दोन बोटांत धरतात आणि ओढतात. सुटली तर उघडतात, वाचतात, वहीत नोंद करतात, शिक्का मारतात. नाही सुटली तर डावीकडे ठेवून देतात. दुसरा प्रयत्न नाही. नखानं उकलणं नाही. संध्याकाळी डावीकडचा ढीग शिपाईकाका उचलून घेऊन जातात आणि दुसऱ्या दिवशी परत आणतात.

मला टाळी वाजवावीशी वाटली. आधीच्या तीन खेपांत मला हे कसं दिसलं नाही? दुसऱ्या कोणाचं सोडा, मी बाइंडर! सुरगाठ आणि निरगाठ. एका ओढीत सुटते ती सुरगाठ, ओढाल तितकी आवळते ती निरगाठ. चाळीसेक फायलींत सात-आठ सुरगाठी, बाकी सगळ्या निरगाठी.

आता सुरगाठी मारतं कोण? तेही शोधायला वेळ लागला नाही. बाहेरच्या जिन्याखाली एक अर्जनवीस बसायचा. नाकावर चष्मा आणि कपाळावर आणखी एक, म्हणून सगळे त्याला दुचष्मी म्हणायचे. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

‘अर्ज लिहून मिळेल का?’

‘मिळेल की. नुसता लिहून देऊ का बांधून देऊ?’

‘बांधून म्हणजे?’

‘म्हणजे फाईल नीट बांधून देतो. त्याची बांधणावळ वेगळी.’ आणि त्यानं आकडा सांगितला.

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. एवढ्या पैशांत मी पाचशे पानांचं पुस्तक शिवून, पुठ्ठा चढवून, पाठीला कापड लावून देते, वर कोपरे घासून गुळगुळीत करते. आणि हा बाबा एका फितीला एक गाठ मारणार! ती तरी धड मारतो का बघावं म्हणून मी त्याच्या टेबलावरची बांधलेली फाईल उलटी करून पाहिली. एक फासा लांब, एक आखूड, टोकं दोन दिशांना. आमच्या दुकानात शिकाऊ माणसानं अशी गाठ मारली असती तर ह्यांनी त्याला दिवसभर खळ ढवळायला बसवलं असतं.

‘माझी मी बांधीन,’ मी म्हटलं.

‘बांधा,’ दुचष्मी म्हणाला. ‘पुष्कळजण आपली आपण बांधतात. बाकावर बसलेले दिसतात मला.’

त्या संध्याकाळी मी सगळी हकीकत ह्यांना पट्ट्यांवर लिहून दाखवली. अकरा पट्ट्या लागल्या. ह्यांनी सगळ्या क्रमानं लावून दोनदा वाचल्या. मग मोठ्यानं म्हणाले (हे हल्ली सगळंच मोठ्यानं म्हणतात, शेजारच्या शिंप्यालाही आमच्या घरातलं सगळं माहीत असतं), ‘देऊन टाक आणि मोकळी हो. किती खेपा घालशील?’

खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं होतं. पैसे होते घरात. तत्त्व वगैरे मी फार बाळगून नाही, तेवढी उसंतच मिळत नाही. पण त्या वाकड्या गाठीची मजुरी मी द्यायची? तीस वर्षं गाठी मारून? ते काही माझ्या घशाखाली उतरेना. आणि दुसरं असं, की मला गुपित फुकटात कळलं होतं. मी माझ्या फाईलची गाठ बदलली की काम झालं. कोणाला काही द्यायला नको, कोणाशी वाद नको. ह्यांना तसं लिहून दाखवलं. ह्यांनी पट्टी वाचली, मशीनच्या चाकावरची धूळ पुसली आणि म्हणाले, ‘आणि बाकावरचे?’

मी दुसऱ्या पट्टीवर ‘खळ संपली’ एवढंच लिहिलं.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. मी पर्समध्ये टोच्या टाकला. टोच्या म्हणजे आमचं कागदाला भोकं पाडायचं हत्यार, लाकडी मूठ आणि पुढे जाड सुई. कितीही आवळलेली गाठ असो, टोच्याचं टोक आत घुसवलं की क्षणात ढिली होते. अकराला शिपाईकाकांनी गठ्ठा मेजावर आपटला. आज शेवटचा दिवस, गठ्ठा नेहमीपेक्षा जाड. वरच्या चार फायली घसरून खाली पडल्या.

‘राहू द्या काका, मी लावते नीट,’ मी म्हटलं. ‘तुम्ही जा चहाला.’

शिपाईकाका बिचारे कमरेवर हात ठेवून गेले. मी गठ्ठ्यातून माझी फाईल शोधली. माझी मीच बांधलेली निरगाठ, काय सुंदर आवळलेली होती! टोच्यानं सोडवली. फितीची दोन्ही टोकं हातात धरली. सुरगाठ मारायची, फाईल गठ्ठ्यात सरकवायची, जाऊन बाकावर बसायचं. इतकंच काम.

‘बाई,’ ड्रायव्हरकाका बाकावरून म्हणाले, ‘लावताच आहात तर माझी आहे का बघा हो त्यात. गेल्या वेळी मला वाटलं, हरवलीच.’

होती. हातात घेतली. आठ महिने रोज गठ्ठ्यात ये-जा करून फीत मळून दोरीसारखी झाली होती. आणि गाठ कशी, तर एकावर एक तीन. बिचाऱ्याला वाटलं असणार, घट्ट बांधली म्हणजे कागद हरवणार नाहीत. ती गाठ बघून मला जे काही झालं ते सांगता येत नाही. संताप आला, आणि डोळ्यांत पाणीही आलं. मी माझी फाईल मांडीवर ठेवली आणि काकांची गाठ सोडवायला घेतली.

मग त्याच्या खालची. मग तिच्या खालची. हाताला एकदा लय सापडली की माझा हात थांबत नाही, दुकानातही असंच होतं. टोच्या आत, फीत ढिली, सुरगाठ, पुढची. बाकावरची माणसं बघत होती. एक आंधळी बाई शेजारणीला विचारत होती, ‘काय चाललंय?’ शेजारीण म्हणाली, ‘कोणीतरी फायली लावतंय.’ जिन्यात साहेबांच्या चपला वाजल्या तेव्हा शेवटची, माझीच, फाईल उरली होती. घाईघाईनं बांधली, गठ्ठ्याच्या वर ठेवली आणि जाऊन बसले.

साहेब आले, सगळ्यांकडे बघून हसले, बसले. पहिली फाईल, म्हणजे माझी, पुढे ओढली. टोक धरलं. ओढलं.

सुटली नाही.

त्यांनी ती डावीकडे ठेवली.

आणि पुढच्याच क्षणी मला कळलं काय झालंय ते. मी लग्न होऊन आले तेव्हा फर्मे शिवायला ह्यांनीच मला शिकवलं. ‘मधल्या गाठी कशाही घाल,’ म्हणाले होते, ‘पण शेवटची निरगाठ. ती सैल राहिली तर सगळं पुस्तक उसवतं.’ तेव्हापासून हजारो पुस्तकं शिवली असतील. शेवटची गाठ मारताना मी कधी विचारसुद्धा करत नाही, हात आपोआप फिरतो. आज चाळीस गाठी मारल्या आणि एक्केचाळिसावी शेवटची होती.

उठावं आणि सांगावं, साहेब, ती माझी, मी सोडवून देते? उठायला काय लागतं? पण उठले असते तर साहेबांनी माझ्याकडे बघितलं असतं, मग गाठीकडे, मग गठ्ठ्यातल्या सगळ्याच गाठींकडे. आणि गठ्ठा तिथेच थांबला असता. साहेब दुसरी फाईल ओढत होते. सुटली. वाचली. शिक्का. ‘या बाबा, तुमचा दाखला.’ एक म्हातारा काठी टेकत उठला.

मी बसून राहिले.

असा दिवस मी आयुष्यात काढला नाही. तिसरी सुटली, चौथी सुटली, दहावी सुटली. प्रत्येक वेळी ओढलेली फीत सळकन सरकायची. डावीकडे माझी फाईल एकटीच पडलेली. साहेबांनाही नवल वाटलं असणार. दुपारी ते खिडकीशी गेले आणि खाली जिन्याच्या तोंडाशी बसलेल्या दुचष्म्याकडे बघितलं. त्यानं नेहमीप्रमाणे हात वर करून नमस्कार केला असणार. साहेबांनी समाधानानं मान हलवली. शेवटचा दिवस, सगळ्यांनाच आज शहाणपण सुचलं, असा हिशेब त्यांनी मनात केला असावा. मला हसू येत होतं आणि रडूही. ‘कान शब्द ओळखायचे विसरतात’ हे वाक्य डोक्यातून जाईना. चाळीस अनोळखी माणसांसाठी मी माझ्या माणसाचं वर्ष घालवतेय का? मीच घातलेला घोळ, आणि तोही ह्यांनीच शिकवलेल्या गाठीनं! दोनदा मी उठायला म्हणून हात बाकाला टेकला. दोनदा परत बसले.

तीनच्या सुमाराला ड्रायव्हरकाकांचं नाव आलं. दाखला हातात घेऊन ते माझ्याजवळ आले. मला वाटलं, निघाले. ते शेजारी बसले.

‘घरी नाही जायचं?’ मी विचारलं.

‘तुमचं झालं की जाऊ. आठ महिने एकटाच उठून जायचो, आज जोडीनं जाऊ.’

पाचला दहा मिनिटं होती. गठ्ठा संपला. साहेबांनी पेनाला टोपण लावलं, बोटं मोडली आणि शिपाईकाकांना हाक मारणार तेवढ्यात मी टेबलासमोर उभी राहिले.

‘साहेब, एक राहिली.’

त्यांनी डावीकडे बघितलं. ‘आज वेळ झाली, बाई. पुढच्या...’

‘यादी आज बंद होते. सुटत नाहीये ना? द्या, मी सोडवते.’

पर्समधून टोच्या काढला, टोक गाठीत घातलं, मनगट जरासं फिरवलं. फीत अलगद दोन्हीकडे पडली. साहेबांनी टोच्याकडे पाहिलं. माझ्या बोटांकडे पाहिलं, बोटांना खळ वाळून चिकटलेली असतेच. मग टेबलाखाली पडलेल्या फितींच्या गुंत्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला.

‘आजच्या सगळ्या...’ ते हळूच म्हणाले.

‘हो.’

‘कोणी सांगितलं तुम्हाला?’

‘कोण सांगणार? मी बाइंडर आहे. लोक दुसऱ्याच्या चपला बघतात, मी गाठी बघते.’

खरं तर मला घाबरायला हवं होतं, पण मला दुसरंच काहीतरी विचारायचं होतं, चौथ्या खेपेपासून जिभेवर येऊन थांबलेलं. ‘साहेब, रागावू नका. ही युक्ती काढली कोणी? तुम्ही का खालच्यानं? कारण डोकं चांगलंच लावलंय. कुठे लिहिलेलं नाही, कोणी कोणाशी बोलत नाही, आणि गाठ सोडली की पुरावाही संपला.’

मला वाटलं, ओरडतील. त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात ड्रायव्हरकाका दाखल्याची गुंडाळी धरून उभे होते. साहेब म्हणाले, ‘मी आलो तेव्हा होतीच. आधीच्या साहेबांनी खुर्ची दाखवली, कपाट दाखवलं आणि म्हणाले, सुटेल ती सोडायची.’

‘आणि न सुटणाऱ्या?’

‘त्या मी कधी उघडूनच बघितल्या नाहीत,’ ते म्हणाले. बोलल्यावर त्यांनाच ते ऐकू गेल्यासारखी त्यांनी फाईल पुढे ओढली.

नाही म्हणायचं तर वहीत कारण लिहावं लागतं. कागद पुरे होते, सह्या होत्या, तपासणीचा अहवाल होता. ‘निरगाठ’ असं कारण वहीत लिहिता येत नाही. साहेबांनी टोपण काढलं, नोंद केली, शिक्का मारला, यादीच्या शेवटच्या ओळीत ह्यांचं नाव घातलं. मी दाखला घेऊन वळले तर दुचष्मी दिवसाचा हिशेब द्यायला जिना चढून वर येत होता, दोन्ही चष्मे कपाळावर. पुढे खोलीत काय बोलणं झालं ते ऐकायची मला फार इच्छा होती, पण ड्रायव्हरकाकांनी दंडाला धरून मला खाली नेलं.

दोन महिन्यांनी ह्यांना यंत्र मिळालं. पहिले दोन दिवस हे नुसते दचकत होते. नळ, पाखरं, कागदाची सळसळ. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मी मागे शिवायला बसले होते आणि ह्यांना सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली. पट्टी नाही, खाणाखुणा नाहीत, तोंडानं. हे माझ्या ओठांकडे न बघता कागद कापत ऐकत होते. मी शेवटच्या गाठीपाशी आले तसे हे थांबले.

‘शेवटची निरगाठ मारलीस?’

‘तुम्हीच शिकवलीत! तुमच्यामुळे माझा जीव दिवसभर टांगणीला लागला. दुसरं काही शिकवता आलं नाही?’

‘गाठ बरोबरच मारलीस तू. फाईल चुकीची निवडलीस.’

‘वा! म्हणजे चूक परत माझीच?’

‘मग काय माझी?’

दोन वर्षांनी हे मला उलट बोलले होते. मी सुई खाली ठेवली. डोळे पुसले, पण ह्यांना दिसू दिले नाहीत, नाहीतर भांडण तिथेच संपलं असतं. चांगलं पाऊण तास भांडलो. बहिणीचा विषयसुद्धा निघाला.

मग हे म्हणाले, ‘आता काय चालतं तिथे?’

‘परवा ड्रायव्हरकाका भेटले होते. फीत बंद झाली म्हणे. आता फाईलला नुसती टाचणी लावतात.’

ह्यांनी मशीन बंद केलं. यंत्र नीट बसवलं.

‘टाचणी कुठल्या बाजूनं लावतात?’

ते मी काकांना विचारायचं विसरले होते. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाला कुलूप लावलं आणि दोघंही जाऊन त्या बाकावर बसलो.